कलम 32 असताना उच्च न्यायालयाची पायरी का चढायची?

कृष्णाकाठचा वकील: ‘आधी उच्च न्यायालयात जा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगणे म्हणजे हक्कांची पायमल्ली’ हे सनदशीर यांचे विधान वाचून गप्प बसवत नाही. राज्यघटनेच्या कलम 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, पण ते मूलभूत हक्कांपुरतेच चालते, तर कलम 226 खाली उच्च न्यायालय इतर कायदेशीर हक्कांसाठीही आदेश देऊ शकते. म्हणजे आपण ज्याला धाकटे दार समजता तेच अधिक रुंद आहे.

सनदशीर: रुंदी कोणी विचारली? कलम 32 हा स्वतःच मूलभूत हक्क आहे. मुंबईच्या एका साप्ताहिकावर मद्रास सरकारने बंदी घातली, तेव्हा रोमेश थापर प्रकरणात (1950) ‘आधी उच्च न्यायालयात जा’ हा आक्षेप फेटाळला गेला होता. शिवाय उच्च न्यायालयाने गुणदोषांवर याचिका फेटाळली, की दर्याव निकालामुळे (1961) त्याच मुद्द्यावर 32 चा रस्ता बंद होतो, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

निवृत्त लेखापाल, सांगली: दिल्ली राहू द्या, आम्हाला मुंबईही पेलली नाही. वेतननिश्चिती चुकल्याचे सांगून खात्याने निवृत्तीच्या तोंडावर वसुली लावली. याचिकेचे बाड मांडीवर घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास केला आणि पहिल्याच तारखेला कळले, की सेवाप्रकरण आधी मॅटमध्येच (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) न्यावे लागते. हेच सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा एल. चंद्रकुमार निकाल (1997) माझ्या वकिलाला ठाऊक नसावा!

सोलापूरकर: निदान तुम्हाला आता कोल्हापूर जवळ आले. 18 ऑगस्ट 2025 पासून तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते, त्यात आमचा जिल्हाही जोडला. पण सोलापूरहून कोल्हापूर गाठणे म्हणजे काय, हे नकाशावर बोट ठेवणाऱ्यांना कसे कळणार?

पुणेकर पक्षकार: तक्रार करता? आम्ही अजून मुंबईच्याच वाऱ्या करतो.

लेखापाल: पुण्याहून सकाळी निघून रात्री घरी परतता येते, महोदय. वारी कशाला म्हणतात हे आम्हाला शिकवू नका.

सनदशीर: पाहा, अंतराचे रडगाणे सुरू झाले आणि मूळ प्रश्न बुडाला.

कृष्णाकाठचा वकील: बुडाला नाही, उघडा पडला. मुंबई ज्याला परवडत नाही, त्याला आपण दिल्लीचा हक्क देऊ करता! दर्यावबाबत मात्र आपले बरोबर आहे, तो मुद्दा माझ्याकडून निसटला. तरीही कलम 136 खाली सर्वोच्च न्यायालयात अपिलाची विशेष अनुमती मागता येतेच.

सनदशीर: मागता येते, मिळतेच असे नाही. हक्क आणि अनुमती यांतला फरक वकिलाला समजावण्याची वेळ यावी, हे नवलच.