हिटलर 'बहुमताने' सत्तेवर आला, हे कितपत खरं?

पार्क_चौक: सोलापुरात अकरावीला दोन महायुद्धांमधला काळ शिकवतोय. गाइडमध्ये 'बहुमताने सत्तेवर आला' एवढंच छापलंय. शिवाय इथली पोरं सोलापुरातल्या 1930 च्या मार्शल लॉबद्दल (लष्करी अंमल) ऐकून असतात, त्यामुळे 'जर्मनीत पण तसंच झालं का सर?' हा प्रश्न ठरलेला. आकड्यांसकट काय सांगावं?

भुईकोट: ती ओळ खोडाच. जुलै 1932 च्या निवडणुकीत नाझींना 37.3 टक्के मतं, नोव्हेंबरात घसरून 33.1. उतरती कळा लागली असताना 30 जानेवारी 1933 ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याला चॅन्सेलर (सरकारचा प्रमुख) नेमलं. मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी तिघेच. याला आपण आवरू, हा माजी चॅन्सेलर पापेनचा हिशोब. पोलीस हाताशी असूनही 5 मार्चच्या निवडणुकीत गाडी 43.9 टक्क्यांवर अडली. 647 पैकी 288 जागा. सोबतच्या जर्मन नॅशनल पक्षाच्या 52 जोडल्या तेव्हा कुठे साधं बहुमत.

बाळीवेस: खरी मेख 23 मार्चला. मंत्रिमंडळानेच कायदे करायचे, तेही घटना बाजूला ठेवून, असा तो कायदा (एनेबलिंग अ‍ॅक्ट). अट दुहेरी: दोन तृतीयांश, म्हणजे 432 सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांतले दोन तृतीयांश बाजूने. कम्युनिस्टांचे 81 जण तुरुंगात नाहीतर परागंदा. सोशल डेमोक्रॅटांचे 120 बाहेर राहिले असते तर उरतात 446. अजून पंधरा जण आले नसते की गणसंख्या बुडाली! म्हणून सभागृहाचा अध्यक्ष, नाझी नेता ग्योरिंगने नियमच फिरवला: सबळ कारणाशिवाय गैरहजर राहील तो हजर धरायचा. निकाल 444 विरुद्ध 94. ते 94 सगळे सोशल डेमोक्रॅट. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने तोंडी आश्वासनांवर सत्तरेक मतं देऊन टाकली. फळ्यावर ती वजा करून दाखवा. सभागृह पूर्ण भरलेलं धरलं तर बाजूने लागणारी 432 मतं होत नाहीत.

सात_रस्ता: मार्शल लॉची तुलना जपून करा. आपल्याकडे मे 1930 मध्ये तो परक्या सरकारने लावला आणि काही आठवड्यांत उठवला. जर्मनीत राइशस्टाग (संसद भवन) जळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, 28 फेब्रुवारी 1933 ला, घटनेच्याच 48 व्या कलमाखाली वटहुकूम निघाला. भाषण, सभा, टपालाची गुप्तता सगळं स्थगित, खटल्याविना अटक सुरू. तो नाझी राजवट संपेपर्यंत उठलाच नाही.

भुईकोट: आणि इटलीत उलटा प्रकार. 28 ऑक्टोबर 1922 ला मुसोलिनीचे फॅसिस्ट रोमवर चालून येत असताना पंतप्रधान फाक्ताचं सरकार लष्करी कायदा लावायला निघालं होतं, राजानेच सही केली नाही. पुढे 1923 च्या असेर्बो कायद्याने, किमान 25 टक्के मतं मिळवून पहिल्या येणाऱ्या यादीला दोन तृतीयांश जागा. तास उरला तर हेही घ्या.