महालातला हडपक्या गणपती

जुन्या वाड्यांतल्या प्रथा आता फोटोपुरत्याच उरल्या, असं बरेच जण म्हणतात. नागपूरपुरतं तरी मला हे पटत नाही. इथल्या महाल या जुन्या वस्तीत नागपूरकर भोसले राजघराण्याच्या वाड्यात भाद्रपद वद्य चतुर्थीला, ऐन पितृपक्षात, आजही हडपक्या गणपती बसतो. यालाच मस्कऱ्या गणपतीही म्हणतात. खंडोजी ऊर्फ चिमणाबापू भोसले बंगालच्या स्वारीवरून परतले तेव्हा घरच्या गणपतीचं विसर्जन होऊन गेलं होतं, म्हणून विजयाच्या आनंदात त्यांनी पुन्हा गणपती बसवला, असं सांगतात. मग लावण्या, नकला, खडी गंमत हा विदर्भातला लोकनाट्याचा प्रकार! या पंधरवड्यात एरवी कुणी साधी खरेदीही करत नाही. आमच्याकडे कावळ्याला वडे-खिरीचं पान ठेवून झालं, की आई संध्याकाळी हमखास तिकडे दर्शनाला निघते. यंदा मुलांना घेऊन आरतीला जाच.