फुर्त्सेवांच्या चौदा वर्षांचे मूल्यमापन कसे करावे?

मूळ मांडणी:
येकातेरिना फुर्त्सेवा १९६० पासून १९७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोव्हिएत संघाच्या सांस्कृतिक मंत्री होत्या. कापडगिरणीत काम करून पुढे आलेल्या या बाई १९५७ मध्ये, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना हटवण्याचा डाव फसल्यानंतर, कम्युनिस्ट पक्षाच्या अध्यक्षमंडळाच्या (सर्वोच्च मंडळाच्या) पूर्ण सदस्य झाल्या; तेथवर पोहोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९६१ मध्ये ते स्थान गेले, मंत्रिपद मात्र टिकले. त्यांना केवळ सेन्सॉर ठरवणे मला अन्यायाचे वाटते. १९६४ मध्ये मिलानचे ऑपेरागृह ला स्काला मॉस्कोत आले आणि मॉस्कोचे बोल्शोई थिएटर मिलानला गेले. १९७३ मध्ये देश सोडून गेलेले चित्रकार शागाल अर्ध्या शतकानंतर सोव्हिएत भूमीवर आले. १९७४ मध्ये टोकियोहून परतणारी मोनालिसा मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात मांडली गेली. शीतयुद्धाच्या काळात हे आपोआप घडत नव्हते, त्यामागे मंत्र्यांचा आग्रह होता.

प्रतिसाद १:
सहमत नाही. आपण दिलेल्या यादीत फक्त बाहेरून आलेली कला आहे, आणि ती सत्तेला निर्धोक होती, कारण मोनालिसा सामूहिक शेतीबद्दल काही विचारत नाही. ते विचारणारे नाटक मॉस्कोच्या तगान्का थिएटरमध्ये दिग्दर्शक युरी ल्युबिमोव्ह यांनी बसवले होते: बोरिस मोझायेव यांच्या कथेवरचे ‘जिवंत’, ज्याचा नायक सामूहिक शेत सोडून स्वतःच्या बळावर जगू पाहणारा शेतकरी आहे. १९६९ मध्ये फुर्त्सेवांनी ते पाहिले आणि थांबवले. प्रेक्षकांना ते १९८९ मध्ये मिळाले. सत्तेच्या रोषाला पात्र ठरलेले लेखक सोल्झेनित्सिन यांना आसरा देऊन १९७० मध्ये त्यांच्या बाजूने जाहीर पत्र लिहिणाऱ्या चेलोवादक रोस्त्रोपोविच यांचे परदेश दौरे रोखले गेले, तेही याच कारकिर्दीत. परक्यांचे स्वागत आणि घरच्यांची मुस्कटदाबी हे एकाच धोरणाचे दोन भाग होते.

प्रतिसाद २:
सोल्झेनित्सिन यांच्याविषयीचे निर्णय पॉलिटब्युरोत, म्हणजे पूर्वी अध्यक्षमंडळ म्हटल्या जाणाऱ्या त्याच मंडळात, होत, आणि त्या काळी फुर्त्सेवा तेथे नव्हत्या. त्यांच्यानंतर मंत्री झालेल्या देमिचेव्ह यांच्या काळात, १९८४ मध्ये, ल्युबिमोव्ह यांचे थिएटर आणि नागरिकत्व दोन्ही गेले. दोष व्यवस्थेचा असताना तो एका व्यक्तीवर किती टाकायचा?

प्रतिसाद १ कडून उत्तर:
रोस्त्रोपोविच यांच्याबाबत आपला मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे, ‘जिवंत’बाबत नाही. ते नाटक पाहायला फुर्त्सेवा स्वतः सभागृहात बसल्या होत्या आणि नकार त्यांनी स्वतः दिला. ला स्कालाचे श्रेय त्यांच्या आग्रहाला द्यायचे आणि या बंदीचा दोष व्यवस्थेला, असे दोन हिशेब मला मान्य नाहीत. देमिचेव्ह अधिक कठोर होते म्हणून मोझायेव आणि ल्युबिमोव्ह यांची वीस वर्षे भरून निघत नाहीत.