सल्ला हवा: एक्सपी, पेजमेकर आणि पॅरलल पोर्टचं डाँगल. किती काळ आणि कसं टिकवायचं?

कंपोझ_कट्टा:

मंडळी, गिरगावातल्या छोट्या प्रेससाठी सल्ला हवाय. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून दिवाळी अंक अशी कामं. सेटअप असा: विंडोज एक्सपी (सर्व्हिस पॅक ३), पेजमेकर ७ (पानं मांडायचं सॉफ्टवेअर), मराठी फाँटचं जुनं पॅकेज (पॅरलल पोर्टला, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला, लावलेल्या डाँगलवर, म्हणजे परवान्याच्या किल्लीवर, चालणारं), ८० जीबीची आयडीई (जुन्या जोडणीची) हार्ड डिस्क, पेंटियम ४. बोर्डावरचे दोन कपॅसिटर फुगलेत. थंड असताना मशीन दोन-तीनदा बटण दाबल्यावर चालू होतं.

भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, नवीन पीसी घ्या. पण वीसेक वर्षांच्या फायली पेजमेकरमध्ये आहेत, आणि बरीच गिऱ्हाइकं "मागच्या वर्षीचाच अहवाल, फक्त आकडे बदला" म्हणून येतात. सप्टेंबरअखेरपर्यंत सोसायट्यांच्या सभा, पाठोपाठ दिवाळी अंक, त्यामुळे आत्ता काही बिघडलेलं परवडणार नाही. काय करावं, कोणत्या क्रमाने?

सोल्डर:

क्रम महत्त्वाचा आहे. आधी डिस्कची प्रत, मग बोर्ड, बाकी सगळं नंतर.

मशीन बंद करून डिस्क काढा आणि आयडीई-यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या, लिनक्सवर चालणाऱ्या पीसीला जोडा. अडॅप्टरला डिस्कसाठी वेगळा १२ व्होल्टचा पॉवर पुरवठा असलाच पाहिजे, साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. जंपर 'मास्टर'वर ठेवा. प्रत डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कमधूनही डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने) घ्या, साध्या कॉपीने नाही. पहिली फेरी खराब सेक्टर सोडून पुढे जाणारी, मग फक्त राहिलेल्या सेक्टरांवर तीन फेऱ्या. मॅप फाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद) जपून ठेवा, मध्येच वीज गेली तर तिथूनच पुढे सुरू होतं. अख्ख्या डिस्कची इमेज (जशीच्या तशी एका फाइलीतली प्रत) घ्या आणि तिच्या दोन प्रती करा. एक प्रेसमध्ये, एक घरी.

आता बोर्ड. फुगलेले दोनच दिसत असले तरी प्रोसेसरभोवतालची सगळी रांग बदला, बाकीचेही त्याच वयाचे आहेत. १०५ अंशांचे, लो-ईएसआर (आतला विरोध कमी असलेले) सांगून घ्या. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त (६.३ च्या जागी १० चालेल, फक्त जाडी बसते का बघा). साधे कपॅसिटर लावले तर काही महिन्यांत पुन्हा तेच होईल. एसएमपीएसही (पीसीचा पॉवर पुरवठाही) उघडून बघायला सांगा. थंड असताना मशीन उठत नाही, याचं मूळ अनेकदा तिथे असतं. बोर्डावरचा सीआर २०३२ सेलही बदला, पण आधी बायोसमधल्या (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमधल्या) पॅरलल पोर्टच्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा. सेल काढला की सेटिंग डीफॉल्टवर जातं आणि नंतर "डाँगल सापडत नाही" असा संदेश येतो. पोर्टचा नेहमीचा पत्ता ३७८, आयआरक्यू (इंटरप्टचा क्रमांक) ७. पोर्टचा मोड ईसीपी असेल आणि डाँगल दिसत नसेल तर ईपीपी किंवा नॉर्मल करून बघा.

डाँगल चालू मशीनमधून कधीही काढू-घालू नका. हा पोर्ट यूएसबीसारखा नाही, पोर्ट किंवा डाँगल दोन्हीपैकी काहीही जळू शकतं. आपल्या दमट हवेत पिनांवर थर चढतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

लोअर_परळ:

सोल्डर यांच्याशी सहमत. शिवाय पर्यायी मशीन आत्ताच तयार करून ठेवा. लॅमिंग्टन रोडला जुने बोर्ड विकणाऱ्या दुकानांत जी-४१ चिपसेटचा बोर्ड मागा. त्यावर एक्सपीचे अधिकृत ड्रायव्हर चालतात, आयडीई जोडणी असते आणि पॅरलल पोर्टही बऱ्याच मॉडेलांवर असतो. बाहेर पोर्ट दिसला नाही तर बोर्डावर 'एलपीटी' लिहिलेली पिनांची दुहेरी रांग शोधा, ब्रॅकेटची केबल लावली की पोर्ट मिळतो. केबल त्याच कंपनीच्या बोर्डाची घ्या, पिनांची रचना प्रत्येकाची सारखी नसते. यूएसबी ते पॅरलल केबल अजिबात घेऊ नका. ती प्रिंटरपुरती असते, डाँगलला थेट पोर्टचा पत्ता लागतो.

जुनी डिस्क तशीच नव्या बोर्डाला लावलीत तर ७बी ची (एक्सपीला डिस्क सापडत नसल्याची) निळी स्क्रीन येण्याची दाट शक्यता, कारण एक्सपी जुन्या बोर्डाच्या आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर शोधत बसतं. उपाय जुन्या मशीनवरच करायचा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर हाताने बदलून 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई' करा, रीस्टार्ट न करता मशीन बंद करा, मग प्रत घ्या. म्हणजे हे सोल्डर यांच्या पहिल्या पायरीच्याही आधी. नव्या बोर्डावर विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागू शकतं, तेव्हा प्रॉडक्ट की हाताशी ठेवा.

एसएसडी (फिरते भाग नसलेली नवी डिस्क) घालायचा मोह होईल. एक्सपी पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करतं, ते एसएसडीच्या ब्लॉकशी जुळत नाही, आणि ट्रिमही (रिकाम्या झालेल्या जागेची एसएसडीला खबर) देत नाही. घालायचीच तर पार्टिशन आधी जीपार्टेडने (पार्टिशन करायच्या प्रोग्रॅमने) १ एमबीच्या सीमेवर करा आणि थोडी जागा रिकामी सोडा.

कंपोझ_कट्टा:

खूप उपयोगी. दोन शंका. व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या आभासी पीसीत) एक्सपी टाकून भागेल का? आणि सध्या हा पीसी लॅनवर आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर दुसऱ्या पीसीवरून त्यात घेतो.

लोअर_परळ:

लॅनवरून आजच काढा. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला संपले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठी पॅच दिला, तो नसेल तर टाका. पण तेवढ्याने भागत नाही. वॉनाक्रायचा प्रसार विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या एसएमबी १ या जुन्या पद्धतीतून झाला, आणि एक्सपीला तेवढंच येतं. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ आपोआप बसत नाही. शेअरिंग जमावं म्हणून ते नव्या पीसीवर मुद्दाम चालू केलं असेल, तर बंद करा. एक्सपीसाठी नव्या पीसीला धोक्यात घालू नका.

मजकूर नेण्यासाठी एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, आधी नव्या पीसीवर तपासायचा, एक्सपीवर ऑटोरन बंद. रोजचं काम जास्त असेल तर नव्या पीसीला दुसरं नेटवर्क कार्ड लावा, त्यातून एकच केबल एक्सपीला, एक्सपीत गेटवेची (बाहेरच्या नेटवर्कच्या वाटेची) जागा रिकामी, आणि नव्या पीसीवर एफटीपी (फायली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा) सर्व्हर. एक्सपीतून फोल्डरच्या खिडकीतच एफटीपीचा पत्ता टाकून फायली उचलता येतात.

व्हर्च्युअल मशीन: डाँगल यूएसबीचं असतं तर बिनधास्त हो म्हटलं असतं. पॅरललसाठी व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये पोर्ट आत देता येतो, पण मूळ पीसीवर खरा पोर्ट हवाच, आणि जुनी डाँगलं सिग्नलच्या वेळेबाबत नाजूक असतात. करून बघा, पण त्यावर सीझन काढू नका.

रफार:

मशीनचं झालं, फायलींचं बोलूया. एक्सपी इतकी वर्षं टिकलंय ते पेजमेकरच्या फायली, फाँट आणि डाँगल एकमेकांत अडकलेत म्हणून. ३२-बिटचा डाँगल-ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चढत नाही. फाँट युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची समान अक्षर-क्रमांक पद्धत) नाहीत, अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली आहेत, त्यामुळे फाँटशिवाय मजकूर वाचताच येत नाही. यातली एकेक गाठ वेगळी सोडवावी लागते.

आज सुरू करता येण्यासारखं काम: प्रत्येक जुन्या कामाची पीडीएफ. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (छपाईची फाइल), मग डिस्टिलरमध्ये (त्यातून पीडीएफ बनवणाऱ्या अ‍ॅडोबीच्या प्रोग्रॅममध्ये) फाँट पूर्ण एम्बेड करून, म्हणजे पीडीएफमध्येच भरून. मग ती दुसऱ्या पीसीवर, जिथे हे फाँट नाहीत तिथे, उघडून बघा. पुनर्मुद्रण तरी त्यातून सुटतं.

बदल करावे लागणाऱ्या फायलींसाठी इनडिझाइन (पेजमेकरच्या जागी आलेलं अ‍ॅडोबीचं सॉफ्टवेअर) सीएस६ किंवा त्याआधीची आवृत्ती हवी, पेजमेकर ६ आणि ७ च्या फायली ती उघडते. नंतरच्या सीसी आवृत्त्या उघडत नाहीत. जुने फाँट टाइप १ (अ‍ॅडोबीचा जुना फाँट-प्रकार) असतील तर अ‍ॅडोबीने जानेवारी २०२३ पासून नव्या आवृत्त्यांतून त्यांचा आधार काढलाय, ट्रूटाइप असतील तर चालतील.

सगळं युनिकोडमध्ये आणायच्या मागे लागू नका. अहवालात दरवर्षी फिरणारा मजकूर तेवढाच आणा. कन्व्हर्टरमधून आलेलं जसंच्या तसं छापू नका. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप केलेला असतो, त्यामुळे 'वार्षिक', 'मार्च', 'खर्च' हे शब्द हमखास मोडतात. 'पायऱ्या'मधला ऱ्य, 'ऑडिट'मधला ऑ आणि 'त्यांनीं'सारखं दुसऱ्या वेलांटीवर अनुस्वार असलेलं जुनं लेखन डोळ्यांनीच तपासा. इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (भारतीय लिप्यांची जोडाक्षरं जुळवणारी सेटिंग) निवडला नाही तर बरोबर युनिकोडही तुटक जोडाक्षरांत दिसतं, आणि लोक उगाच फाँटला दोष देतात.

कंपोझ_कट्टा:

ठरलं. या रविवारी कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि डिस्कची इमेज, मग कपॅसिटर, सोबत जी-४१ चा शोध. युनिकोडचं दिवाळीनंतर. लॅनची केबल आत्ता काढली.

सोल्डर:

कपॅसिटरला बोर्ड द्याल तेव्हा डाँगल काढून स्वतःजवळ ठेवा, पिशवीत बोर्डासोबत पाठवू नका. आणि नवा जी-४१ आला की इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवून, डाँगल लावून, एक चार पानी अहवाल पीडीएफपर्यंत काढून बघा. त्यानंतरच ते मशीन बाजूला झाकून ठेवा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा.