प्रति: स्फिंक्सचं कोडं अडलं तर?
‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका घेऊन खेळायच्या खेळात स्फिंक्सच्या कोड्यावर खेळाडू अडले तर खेळ चालवणाऱ्याने काय करावं, हा प्रश्न आहे. ‘डिटेक्ट थॉट्स’ हा विचार वाचायचा मंत्र टाकून स्फिंक्सच्या मनातून उत्तर काढता येईल असं वर कुणी म्हटलंय, ते नियमात बसत नाही. २०१४च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या प्राण्यांच्या नियमपुस्तकात, दोन्ही प्रकारच्या स्फिंक्सना ‘इनस्क्रूटेबल’ हा गुण आहे. त्यामुळे विचार किंवा भावना वाचणारी जादू त्यांच्यावर चालतच नाही, आणि हेतू ओळखायला इनसाइट चेक केला, म्हणजे फासा टाकून अंदाज घेतला, तर दोन फाशांतला कमी आकडा धरायचा, म्हणजेच डिसअ‍ॅडव्हांटेज.

कोडं सुटलं नाही की सेशन ठप्प होतं, हे मात्र अगदी खरं. दादरला संध्याकाळी जमून शेवटची लोकल गाठायची असेल तर एका कोड्यावर तास घालवणं परवडत नाही. यावरचा उपाय आपल्या यक्षप्रश्नात आहे. तिथे चौघे भाऊ पडतात ते उत्तर चुकल्याने नव्हे, यक्षाला न जुमानता पाणी प्यायल्याने; आणि शेवटी जिवंतही होतात. तसंच करा: चुकीच्या उत्तराची किंमत घ्या, एखादा स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची एक संधी) किंवा आवडती वस्तू, पण वाट कायमची बंद करू नका. उत्तराकडे नेणारे तीन इशारे आधीच लिहून ठेवा, पहिला १० मिनिटांनी न मागता द्या. आणि खेळाडूंनी तुमच्या मनात नसलेलं पण कोड्याच्या प्रत्येक ओळीत बसणारं उत्तर दिलं, तर ते बरोबरच धरा.