मदत हवी आहे: शेंगा चटणीचा नमुना आणि लेबल

नमस्कार मंडळी. आमच्या वहिनींचा सोलापुरात शेंगा चटणीचा घरगुती व्यवसाय आहे. परवा अन्न सुरक्षा अधिकारी येऊन नमुना घेऊन गेले. चार भाग करून सील केले, पंचनामा झाला, पैसेही दिले. तक्रार काही नाही, पण वहिनींना रात्रभर झोप नाही.

चौथा भाग आपल्या मागणीवरून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो, असं कायद्यात आहे. ही मागणी नमुना घेतानाच लेखी द्यावी लागते, की अजून देता येईल? अहवाल विरोधात गेला तर अपिलाला ३० दिवस मिळतात, पण आधीच तयारी असलेली बरी. कुणी केलंय का हे?

दुसरं लेबलचं. परवाना क्रमांक, शेंगदाण्याची ॲलर्जी सूचना, हिरवी खूण सगळं छापलेलं आहे. पण उखळात कुटलेल्या चटणीला तेल सुटतं, पाकिटाला बोट लागलं की तारखेचा आणि बॅच नंबरचा शिक्का पुसतो. 'जुलै'चा नुसता 'जु' उरतो! मला खरी भीती याचीच आहे. तेलाला टिकेल अशी तारीख छोट्या धंद्याला परवडेल अशी कशी छापता? सोलापुरातलं कुणी सांगितलं तर मशीन प्रत्यक्ष बघायला येईन.