मदत हवी आहे: फ्लॉरेन्स, घुमटाची तिकिटं संपली आहेत

कळंबा_रोड
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, शक्यतो आजच उत्तरं द्या. आम्ही चौघं फ्लॉरेन्सला जातोय. तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढायची तिकिटं अधिकृत साइटवर आमच्या तारखेला संपलेली दिसतात. तीन दिवस रात्री उठून बघतोय, एकही जागा सुटत नाही. दुसऱ्या एका साइटवर जवळपास दुप्पट दराने मिळतायत. घेऊन टाकू का? उफिझी म्युझियम आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड पुतळा सोमवारी आहे. शिवाय छत्रीचं बघायचंय, पण ते चालत अर्ध्या तासात उरकेल असं धरलंय. हॉटेल स्टेशनला लागूनच आहे. फक्त घुमटाबद्दल सांगा, बाकी सगळं ठरलंय.

पायवाट
कुठला महिना? किती दिवस? चौघं म्हणजे कोण कोण, लहान मुलं आहेत का? घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. वरच्या टप्प्यात दोन भिंतींच्या मधून वाकून जावं लागतं, मध्येच मागे फिरता येत नाही. हे कळल्याशिवाय तिकीट घ्या किंवा घेऊ नका असं कसं सांगणार?

खमंग
छत्री इथून नेऊ नका, बॅगेत उगाच जागा जाते. गल्ल्या अरुंद, सगळ्यांच्या छत्र्या एकमेकांत अडकतात. टोपीवाला पातळ रेनकोट न्या. आणि तुम्ही शाकाहारी असाल तर 'रिबोलिता' जरूर खा. शिळा पाव, राजम्याच्या जातीच्या पांढऱ्या बिया (कान्नेल्लीनी म्हणतात) आणि काळसर पानाचा कोबी घालून रटरट शिजवतात. आपल्या फोडणीच्या पोळीमागे जी अक्कल आहे तीच यामागे. फक्त 'ब्रोदो दी कार्ने' नाही ना, हे विचारून घ्या, कधी मांसाचं पाणी वापरतात. चीजचंही तसंच, पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, कडक शाकाहारी असाल तर वरून किसू देऊ नका.

कळंबा_रोड
छत्री म्हणजे पावसाची नव्हे हो! जाऊ दे. ऑक्टोबरच्या मध्यावर जातोय. रविवारी दुपारी १ ला व्हेनिसहून पोचतो, मंगळवारी सकाळी ८ ला रोमची गाडी. मी, बायको, आई, बाबा. आता घुमटाचं सांगा.

बोलोन्यावासी
थांबा, तुमचं घुमटापेक्षा मोठं काहीतरी चुकतंय. उफिझी सोमवारी बंद असतं. डेव्हिड ज्या अकादेमियात आहे ती गॅलरीसुद्धा सोमवारी बंद. पित्ती पॅलेसही बंद. मी जवळच बोलोन्यात राहतो, वेगवान गाडीने चाळीस मिनिटांच्या आत फ्लॉरेन्स. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी पहिल्यांदा हेच विचारतो, सोमवार तर नाही ना?

कळंबा_रोड
काय? म्हणजे सगळंच गेलं? मी गूगलवर ९ ते ६ बघितलं होतं, वार बघितला नाही. आता काय करू? लवकर सांगा प्लीज.

नर्मदेतला_गोटा
काही गेलं नाही. एक गाडी भाड्याने घ्या. सोमवारी सकाळी निघून सिएना, सान जिमिन्यानो करून संध्याकाळी परत. तोस्कानाचं खरं सौंदर्य शहराबाहेरच आहे, द्राक्षमळे, सायप्रसची झाडं. म्युझियममध्ये उभं राहून पाय मोडून घेण्यात काय अर्थ? आम्ही असंच केलं.

उंबरठा
गाडीचा सल्ला कृपया सरसकट देऊ नका. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात झेडटीएल आहे, म्हणजे रहिवासी आणि परवानाधारकांखेरीज इतर गाड्यांना मज्जाव. फाटक नाही, शिपाई नाही, खांबावर फक्त कॅमेरा. यांचं हॉटेल स्टेशनला लागून, म्हणजे त्या हद्दीच्या तोंडावरच. आम्ही हॉटेल शोधताना एकाच चौकातून दोनदा गेलो. सात महिन्यांनी ठाण्याच्या पत्त्यावर दोन दंडाच्या नोटिसा आल्या आणि त्याआधीच गाडीवाल्या कंपनीने आमचा पत्ता कळवल्याचे वेगळे पैसे कार्डावरून कापून घेतले होते. सिएनालाच जायचं तर बस आहे की, सव्वा तासात जुन्या शहराच्या अगदी जवळ सोडते.

नर्मदेतला_गोटा
पाटी वाचली तर काही होत नाही. आम्हाला एकही दंड आला नाही.

उंबरठा
रात्री, पावसात, इटालियनमधली पाटी, शेजारी दमलेली आई. वाचून दाखवा. तुम्हाला दंड आला नाही याचा आनंद आहे, पण यांच्याकडे एकच दिवस आहे.

सांजवात
घुमट मिळत नसेल तर शेजारचा जोत्तोचा मनोरा करा, तिकिटं सहज मिळतात. उलट तिथून घुमट दिसतो. घुमटावर उभं राहिलं तर घुमट कसा दिसणार?

पायवाट
@सांजवात, मनोऱ्याला ४१४ पायऱ्या आहेत आणि तिथेही लिफ्ट नाही. @कळंबा_रोड, आई-बाबांचं वय काय? गुडघे कसे आहेत?

कळंबा_रोड
बाबा ७१. उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय, पण चालतात चांगले. घरचा जिना चढतात. आईला चढ नको असतो.

पायवाट
मग घुमटाचा विषय इथेच संपवा. घरचा जिना वीस पायऱ्यांचा असतो. तुम्ही दोघं गेलात तर आई-बाबा खाली उन्हात दीड तास उभे, आणि बाबा आले तर अर्ध्यावर अडकले.

मोजपट्टी
पण मी म्हणतो, घुमट आतून बघण्यासारखाच आहे. बांधकाम व्यवसायात आहे म्हणून सांगतो. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने तो १४३६ मध्ये पुरा केला तेव्हा खालून लाकडी साचा उभारणंच शक्य नव्हतं, एवढी उंची आणि एवढा गाळा. म्हणून त्याने आत एक, बाहेर एक अशी दोन कवचं केली आणि विटा मत्स्यकण्यासारख्या तिरप्या बसवत नेल्या. आडव्या थरात ठरावीक अंतरावर उभी वीट. ओल्या चुन्यावरची वीट घसरू नये म्हणून ती उभी वीट आधार देते. वर चढताना हा विटांचा थर हाताशी येतो. मी तिथे बराच वेळ थांबलो, मागच्या माणसांनी ढकललं तेव्हा हललो.

बोलोन्यावासी
@मोजपट्टी, तुमचं पटतं, म्हणूनच यांना म्युझियम सांगणार आहे. कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला ओपेरा देल दुओमो म्युझियम आहे. त्यात घुमटाचे जुने लाकडी नमुने, बांधकामातल्या कप्प्या, अवजारं, ब्रुनेलेस्कीच्या चेहऱ्याचा मृत्यूनंतर घेतलेला साचा, असं सगळं आहे. शिल्पकार गिबेर्तीच्या सोनेरी दरवाजांची मूळ पॅनेलं तिथेच आहेत, बाहेर बाप्तिस्तेरीला (बाप्तिस्मा देण्याची इमारत) लावलेली प्रतिकृती आहे. मायकेलअँजेलोने म्हातारपणी घडवलेला आणि स्वतःच फोडलेला पिएता (मृत येशू आणि मेरीचं शिल्प) तिथे आहे. मुख्य म्हणजे लिफ्ट आहे, आणि वर गच्ची आहे. गच्चीवरून घुमट इतका जवळ दिसतो की कौलं मोजावीत. सोमवारी उघडं असतं. घुमट नसलेला स्वस्त पास घ्या, त्यात हे येतं.

त्या दुप्पट दराच्या साइटवर नक्की काय विकतायत ते नीट वाचा. पुष्कळदा ती नुसत्या कॅथेड्रलच्या प्रवेशाची असतात, आणि कॅथेड्रलमध्ये जायला तिकीटच नाही. फक्त रविवारी पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून तेही सोमवारी.

उफिझी रविवारी दुपारी ३ चं घ्या, साडेसहापर्यंत उघडं असतं. लिफ्ट आहे, प्रवेशापाशी गुडघ्याचं सांगा. डेव्हिड मंगळवारी सव्वाआठला उघडतो, रोमची गाडी दुपारची करता आली तर तोही होईल.

कळंबा_रोड
रोमची तिकिटं सगळ्यात स्वस्तातली आहेत, बदलता येत नाहीत असं लिहिलंय. डेव्हिड राहू दे मग. चौकातला बघू.

सांजवात
सिन्योरिया चौकातली प्रतिकृती १९१० ची. मूळ पुतळा १८७३ पर्यंत तिथेच उघड्यावर होता. आणि शहर वरून बघायचं तर पियाझ्झाले मिकेलान्जेलोला जा, १२ किंवा १३ नंबरची बस थेट वर नेते, एक पायरी चढायला नको. तिथे ब्राँझचा तिसरा डेव्हिड आहे. सूर्यास्ताच्या जरा आधी पोचा.

गोदातीर
व्हिसाचं काय केलंत? शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरवड्यात घेत नाहीत. विमा ३०,००० युरोचा हवा. हॉटेलची पानं रंगीत छापून न्या.

कळंबा_रोड
व्हिसा झालाय हो. धागा फ्लॉरेन्सचा आहे.

रानमोगरा
एक विचारू? ती छत्री कसली, ते कुणीच विचारलं नाही. तुम्ही कळंब्याचे, म्हणजे कोल्हापूरचे. राजाराम महाराजांची छत्री, म्हणजे त्यांचं स्मारक म्हणताय का?

कळंबा_रोड
हो, तीच. बाबांसाठीच हा सगळा घाट आहे. ते राजाराम कॉलेजात शिकले, पुढे तीस वर्षं इतिहास शिकवला. महाराजांची युरोपातली रोजनिशी त्यांना पाठ आहे म्हटलं तरी चालेल. सगळ्यांना माहीत असेल म्हणून लिहिलं नाही. पार्कात आहे ना ती? सोमवारी दुपारी स्टेशनवरून चालत जाऊन येऊ.

गोदातीर
राजाराम महाराज तर सिंहगडावर गेले ना, १७०० मध्ये? इटलीत कसे?

रानमोगरा
ते शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव. हे कोल्हापूरचे, गादीवर १८६६ ते १८७०. इंग्लंड बघून परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच गेले. जेमतेम विशीतले. त्या काळी इटलीत दहनाची पद्धत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्री अग्नी दिला. आपल्याकडे संगमालाच नेतात, तिथेही बरोबरच्या माणसांनी परक्या गावात संगम शोधला. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा केला. छत्रीखाली फेटा बांधलेला रंगीत अर्धपुतळा आहे, तो फुलर नावाच्या शिल्पकाराचा.

नर्मदेतला_गोटा
हे मला माहीत नव्हतं. दोनदा जाऊन आलो आणि कुणी सांगितलं नाही. विसाव्या शतकातलेही एक राजाराम महाराज होते ना?

रानमोगरा
हो, ते शाहू महाराजांचे चिरंजीव. नावामुळे लोक तिघांची सरमिसळ करतात. कळंबा_रोड, तुमच्या बाबांनी यावर एक स्वतंत्र लेख लिहावा, वाट बघेन.

बोलोन्यावासी
@कळंबा_रोड, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! मी दोनदा गेलोय तिथे. स्टेशनवरून ती अर्ध्या तासाची वाट नाही. काशिने पार्क नदीच्या कडेने लांबच्या लांब पसरलंय आणि छत्री त्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. स्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आसपास. टी-१ ट्राम काशिनेला जाते म्हणून लोक फसतात, तो थांबा पार्कच्या अलीकडच्या तोंडाला आहे. तिथे उतरलात तरी तीन किलोमीटरच्या वर चालणं उरतं, आणि तेवढंच परत. नवीन गुडघ्याला नको.

स्टेशनसमोर टॅक्सीचा थांबा आहे, तिथूनच घ्या. रस्त्यात हात दाखवून इकडे टॅक्सी थांबत नाही. नुसतं 'काशिने' म्हणू नका, चालक ट्रामच्या थांब्याशी सोडेल. 'मोनुमेंतो अल्लिन्दियानो' म्हणा. शेजारी केबलचा मोठा पूल आहे, १९७८ चा, त्याचंही नाव पोन्ते अल्लिन्दियानो. म्हणजे भारतीयाचा पूल. पुलावरून रोज जाणाऱ्या कितीजणांना तो भारतीय कोण ते ठाऊक असेल, देव जाणे.

गेल्यावर छत्रीला लोखंडी कठडा आहे, बाहेरूनच बघावं लागतं. चारी बाजूंना चार भाषांत लेख कोरलाय. अक्षरं उन्हापावसाने पुसट झालीत, बाबांना सावकाश वाचू द्या. तिथून खाली उतरलं की दोन्ही नद्या मिळतात ते दिसतं. आजूबाजूला सायकलवाले, कुत्री फिरवणारे, बाकी कुणी नसतं.

मोजपट्टी
मी घुमटावर अडून बसलो होतो. मागे घेतो. सोमवारी आधी छत्री, मग म्युझियम.

कळंबा_रोड
सगळ्यांचे मनापासून आभार. उफिझीचं रविवारी दुपारी ३ चं काढलं, मिळालं. घुमट सोडला. सोमवारी सकाळी ९ ला टॅक्सीने छत्री, मग कॅथेड्रल आणि म्युझियम, संध्याकाळी बसने वर. बाबांना आत्ता वाचून दाखवलं. ते म्हणाले, संगम दिसतो का एवढंच विचार. दिसतो म्हटल्यावर उठून आत गेले.

शेवटचं एक, परत कसं यायचं? तिथे टॅक्सी मिळेल का?

बोलोन्यावासी
तिथे मिळणार नाही. नेलेलीच थांबवून ठेवा. उतरताना 'आस्पेत्ती, पेर फावोरे' म्हणा, मीटर चालू राहील. पाऊण तास धरा. वीस मिनिटांत निघायची घाई बाबांना करू नका. आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर संगमाकडची उतरण चिखलाची होते, त्यांच्या हाताशी कुणीतरी असा.